पहिला साकू

शिवा,

तू गेल्यापासून आपलं एकही भांडण झालेलं नाही आणि हे काही केल्या माझ्या अंगवळणी पडत नाही. आज रविवार. नेहमीसारख्या दोन खुर्च्या मी अंगणात ओढल्या, चहा घेतला, आणि समोर कोणी नाही म्हटल्यावर पेपरातल्या कुठल्याशा बातमीवरच डाफरलो. सुमननं आतून विचारलं, "कुणाशी बोलताय?" मी म्हटलं, "शिवाशी." थोड्या वेळानं येऊन तिनं दुसरी खुर्ची उचलून आत नेली, मग काय वाटलं कोण जाणे, परत आणून ठेवली.

म्हणून कागद घेऊन बसलोय. तुला उलट उत्तर देता येणार नाही, तेव्हा आज मीच बोलणार. तसा कायम मीच बोलायचो असं तुझं म्हणणं होतं, आणि त्यावरही आपलं कधी एकमत झालं नाही.

काल तुमच्या गावी, मैंदर्गीला गेलो होतो, तुझ्या नावाच्या जेवणाला. तिथं एक गोष्ट झाली. ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. पण ती सांगायची तर साकूपासून सुरुवात करायला हवी. तुला सगळं ठाऊक आहे, तरी ऐक. जन्मभर एक्स-रे वाचलेल्या माणसाला एका कडेनं गेल्याशिवाय जमत नाही.

साकू मला तूच शिकवलास. पुण्याला मेडिकलला होतो, उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, आणि मला सोलापूरच्या घरी जाऊ न देता तू थेट तुमच्या गावी ओढून नेलंस. अक्कलकोट सुटल्यावर एस.टी.त म्हणालास, "आमची अव्वा, म्हणजे आई रे, वाढायला आली की म्हणायचं, साकू. कानडीत पुरे म्हणायचं असेल तर साकू. एवढं आलं की झालं, बाकी कानडी तुला यायची गरज न्हाई." मी वाटभर शब्द घोकला. पंगतीला बसलो. अव्वानं होळिगे वाढली, म्हणजे आपली पुरणपोळी, वर तूप. खाऊन झाली, तशी ती दुसरी घेऊन आली. मी छान उच्चार करून म्हटलं, "साकू." ती हसली, पोळी ताटात पडली. ती संपवली. पुन्हा आली. पुन्हा साकू. पुन्हा पोळी, आणि वर "इन्नू स्वल्प, यप्पा" म्हणून तुपाची धार. आणखी थोडं घे रे बाळा, हे त्या सुरावरूनच कळत होतं. माझा चेहरा पडला आणि मी काकुळतीला येऊन तिसऱ्यांदा साकू म्हणालो, तेव्हा कुठं हात थांबला. तू खाली मान घालून हसत होतास. पंगत उठल्यावर ओसरीवर मला पालथा पडलेला बघून मग उरलेला धडा दिलास. "पहिला साकू माणूस लाजून म्हणतो. दुसरा रीत म्हणून म्हणतो. तिसरा खरा. पहिल्यालाच हात आवरला तर आमच्यात वाढणारीची अब्रू जाते की रे."

त्या दिवशी मी तुला घातलेल्या शिव्या अजून फिटलेल्या नाहीत.

मग दोघांनी सोलापुरात बस्तान बसवलं. आपलं ते ट्रस्टचं हॉस्पिटल, मागच्या बाजूला गिरणीची भिंत, भोंगा झाला की काचा थरथरायच्या. तू सर्जन, मी एक्स-रेवाला. दुष्काळ सरून जरा बरे दिवस आले होते, तेव्हा तू मुंबईला जाऊन ती नवी नळी शिकून आलास. ट्रस्टींच्या किती पायऱ्या झिजवल्यास आणि कुणाकुणाला लोणी लावलंस ते मला माहीत आहे. पण नळी आणलीस. काळी, लवचिक, टोकाला दिवा. रोग्याच्या तोंडातून घालायची, जठर ओलांडून आतड्याच्या वळणावर न्यायची. तिथं एक बारीकसं तोंड असतं. पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी, दोघी तिथंच येऊन मिळतात. त्या तोंडात एक काडीएवढी नळी सरकवून रंग सोडायचा, आणि मी पडद्यावर बघायचं की रंग कुठं जातो. पित्ताच्या नळीत गेला तर खडा दिसतो, अडथळा दिसतो. कावीळ का झाली ते पोट न फाडता कळतं. पहिल्यांदा रंग वर चढून पित्ताची नळी झाडाच्या फांद्यांसारखी उमटली, तेव्हा तू पाळण्यात बघितल्यासारखा पडद्याकडे बघत राहिला होतास. मलाही भरून आलं होतं. ते मी तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण तू आधीच हवेत होतास.

पण त्या तोंडाशी दोन वाटा. काडी जरा वाकडी गेली की रंग स्वादुपिंडात. आणि स्वादुपिंड म्हणजे तुझ्या भाषेत, "लई मानी अवयव." एकदा चुकून गेलं तर सहन करतं. पुन्हा पुन्हा टोचलं, जोर लावून रंग भरला, की चिडतं, सुजतं, स्वतःचाच रस स्वतःला जाळायला लागतो. मग पाठीपर्यंत जाणारी ती कळ. त्यावर औषध नव्हतं आणि आजही नाही. सलाइन लावायचं, तोंडाला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, आणि वाट बघायची. हे होऊच नये यासाठी डॉक्टरच्या हातात एकच गोष्ट होती, वेळेवर थांबणं.

आणि थांबणं तुला येत नव्हतं.

काशीबाई आठवते तुला, हे मी काय विचारतोय. माढ्याकडची, ठसठशीत कुंकू, कावीळ झालेली, टेबलावर पडूनसुद्धा आपल्याला बजावणारी, "फोटू नीट काढा बरं का." तू काडी घातलीस. रंग स्वादुपिंडात. काढलीस, पुन्हा घातलीस. पुन्हा तिथंच. मी म्हटलं, "पुरे, शिवा." तू म्हणालास, "एकदाच." तिसऱ्यांदा मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "अरे पुरे." तू म्हणालास, "आलंच आता, बघ तू." आणि खरंच आलं. पित्ताची नळी भरली, खालच्या टोकाशी खडा स्वच्छ दिसला. तू टेबलापासून ओरडलास, "फोटो घे, फोटो!" मी घेतला. इतका सुंदर फोटो आपण आधी काढला नव्हता.

दुपार कलायच्या आत तिला कळा सुरू झाल्या. गुडघे पोटाशी घेऊन ती अशी वाकली की सरळ करता येईना. तिचा नवरा व्हरांड्यात उभा होता, पटका हातात घेऊन. त्यानं तुला गाठलं.

"डाक्टर, फोटू निघाला की न्हाय?"

"निघाला."

"मग आता कशापायी दुकतंय?"

मी तुझ्या मागेच होतो. अशा वेळी आपण डॉक्टर लोक काय बोलतो ते मला पाठ आहे. असं होतं कधीकधी, प्रकृतीचा भाग असतो, बघू या. तू तसलं काही बोलला नाहीस. म्हणालास, "माझ्या हातानं झालंय. थांबायला पाहिजे होतं, मी थांबलो नाही. आतल्या एका अवयवाला सूज आलीय."

तो माणूस तुझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हात उचलणार. पटका त्यानं झटकला, डोक्याला गुंडाळला आणि म्हणाला, "मग हितं माज्याशी काय बोलताय? जावा की, तिच्यापाशी बसा."

आणि तू बसलास. तिचं दुखणं उतरेपर्यंत तुझी ओपीडी मी आणि बाकीच्यांनी कशीबशी रेटली. तू तिच्या खाटेशेजारी स्टुलावर. ती तहानेनं कासावीस व्हायची, आणि बघायला येणारं प्रत्येक माणूस भाकरी, दही, केळी घेऊन यायचं. "घासभर खाऊ द्या की, अंगात ताकद कुटनं यील?" तू एकेकाला हात जोडून परत पाठवायचास. तिच्या ओठांना ओला बोळा लावायचास, आणि ती तो चोखायला बघायची तेव्हा तोंड फिरवायचास. ती वाचली. पुढं खडा तूच ऑपरेशन करून काढलास. जाताना तुला म्हणाली, "डाक्टर, तुमी लई उपाशी ठिवलं मला," आणि तुझ्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

ती घरी गेल्यावर आपलं भांडण झालं. इतके दिवस दोघांनीही ते दाबून ठेवलं होतं. मी म्हटलं, मी पुरे म्हणालो होतो. तू म्हणालास, "तू नेहमीच म्हणतोस. दरवेळी ऐकलं तर एक फोटो निघायचा न्हाई." मी वैतागून म्हणालो, "हे काय तुझ्या अव्वाची पंगत आहे, मी तीनदा म्हणेपर्यंत वाढत राहायला?"

मी नुसतं बोलायचं म्हणून बोललो होतो. तू उचललेला कप खाली ठेवलास. तुझ्यासमोरचा चहा गार झाला. मग म्हणालास, "व्हय रे. तेच झालंय." आणि मला जे सांगितलंस ते दुसऱ्या कुठल्या सर्जननं सांगितलं असतं असं मला वाटत नाही. म्हणालास, माणूस पुरे म्हणाला की तो खरं म्हणत नाही, हे मी आईच्या दुधाबरोबर प्यायलोय. समोरचा नको म्हणतो, मी हसून वाढतो. माझ्या हातालाच पहिला नकार ऐकू येत नाही.

तेव्हा तू नियम केलास. खोलीत मी पुरे म्हणायचं नाही, साकू म्हणायचं. "मराठीतलं माझ्या डोक्यापर्यंत जातं. साकू थेट हाताला ऐकू येईल." आणि पहिला साकू तोच शेवटचा. मी म्हटला रे म्हटला की काडी बाहेर, नळी बाहेर. का, कशाला, आलंच होतं की, हे सगळं नंतर चहावर. टेबलाशी अवाक्षर नाही.

पुढच्याच खेपेला मी म्हणालो, तेव्हा तुझा हात थबकलेला मला दिसला. खांदा पुढं गेला होता, तो तसाच राहिला. कपाळावर घाम. तू काडी मागं घेतलीस. मला तेव्हा कळलं, तुला ते किती जड जात होतं. सुमन म्हणते, तुम्ही शिवाभाऊजींचं कौतुक कधी तोंडावर केलं नाही. नाही केलं. शिवा, त्या दिवशी तू नळी बाहेर काढलीस ना, तेवढा मोठा सर्जन मी दुसरा बघितलेला नाही. हे आता लिहून काय उपयोग, पण लिहिलं.

त्यानंतर आपल्याकडं काशीबाईसारखं दुखणं पुन्हा कुणाला झालं नाही. हलकासा त्रास झाला, उतरला. तू रंग थोडा थोडा, थेंबाथेंबानं सोडायला शिकलास. पण नियमाचं ओझं माझ्यावर आलं, हे तुझ्या कधी लक्षात आलं का? पुरे म्हणणं सोपं होतं, कारण तू ऐकणार नव्हतास. तू ऐकायला लागलास आणि माझी जीभ जड झाली. तोंडातून शब्द गेला की संपलं, परत घेता येत नाही. डोळे अंधाराला सरावायला आधी लाल चष्मा लावून बसायचं, मग अंगावर शिशाचा एप्रन चढवून त्या अंधाऱ्या खोलीत उभं राहायचं आणि एका माणसाचं पोट फाडायचं की नाही ते एका शब्दानं ठरवायचं.

अकलूजचे ते मास्तर. त्यांच्यावरून आपलं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि आता मिटायचंही नाही. रंग पुन्हा स्वादुपिंडाकडं वळला आणि मी साकू म्हणालो. तू थांबलास. फोटो नाही. शेवटी पोट उघडलंस, आत खडा नव्हताच, सूज होती, औषधानं उतरली असती. मास्तर टाके घेऊन कण्हत पडले. तू म्हणालास, "आणखी एक संधी दिली असतीस तर हा माणूस चाकूखाली आला नसता." मी म्हणालो, "आणखी एक दिली असती तर मास्तर काशीबाईसारखे वाकले असते, आणि सगळ्या काशीबाई वाचत नाहीत." तू म्हणालास, "तुला कसं ठाऊक?" मी म्हणालो, "तुला तरी कसं?" किती रविवार यावर गेले. सुमन भज्यांची ताटली आपटून ठेवायची आणि म्हणायची, मास्तर केव्हाच शाळेत शिकवायला लागले, तुम्ही दोघं अजून त्यांच्या पोटातच आहात.

मग एक दिवस तू माझ्या खोलीत आलास, खिडकीपाशी उभा राहिलास आणि खालची पापणी ओढून म्हणालास, "बघ रे, पिवळं दिसतंय का मला एकट्यालाच वाटतंय?"

मला दिसलं होतं. आदल्याच रविवारी दिसलं होतं, आणि मी उन्हाला दोष दिला होता.

मुंबईला तुझ्याबरोबर मी आलो, ज्यांच्याकडं तू शिकलास त्या तुझ्या सरांकडं. त्यांनी मानानं मला पडद्याशी उभं केलं. आता टेबलावर तू. तोंडात नळी, डोळे अर्धे मिटलेले, गुंगीत. सरांचा हात तुझ्यापेक्षा कितीतरी तयार. तरी काडी वर जाईना. रंग स्वादुपिंडाच्या नळीत शिरला आणि मधेच, भिंत घातल्यासारखा, थांबला. मला त्या क्षणी कळलं, स्वादुपिंडात गाठ आहे, आणि ती साधी नाही. सरांनी पुन्हा घातली. पुन्हा तिकडंच. त्यांनी हात मागं घेऊन तिसऱ्यांदा पुढं केला, आणि परक्या शहरात, परक्या खोलीत, एवढ्या मोठ्या माणसासमोर माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "साकू!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सरांनी विचारलं, "काय म्हणालात?" मी काय सांगणार? पण टेबलावर तू गुंगीतच हात थोडा उचललास, तळवा उघडा करून. जेवताना ताटावर आडवा धरतात ना, तसा. सरांनी तो पाहिला आणि नळी काढून घेतली.

तुला कळ आली नाही. साधी पोटदुखीसुद्धा नाही. माझ्या शब्दामुळं की तुझ्या नशिबानं, कोण सांगणार. पण काविळीची वाटही मोकळी झाली नाही. फिल्म वाळल्यावर तू ती खिडकीला धरलीस. मी म्हणालो, "नंतर बघ." तू म्हणालास, "तुझ्याकडनंच शिकलोय वाचायला," आणि जिथं रंग तुटला होता तिथं नख ठेवून बराच वेळ उभा राहिलास. सरांनी समजावलं. मूळ दुखणं जाणार नाही. पण सूज बसल्यावर पुन्हा एकदा प्रयत्न करू, जमलं तर टोकाशी विजेच्या तारेनं छेद देऊन पित्ताला वाट करून देता येईल, अंगाची खाज जाईल, काही महिने बरे जातील. धोका आहेच, तो तुला सांगायला नको.

तू म्हणालास, "नको सर. साकू."

मी तुझ्याशी किती भांडलो, शिवा. एकदाच, म्हटलं. सर स्वतः करणार आहेत, म्हटलं. गिरिजावहिनींना मधे घातलं, तर त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे सांगतील तसं." शेवटी तू म्हणालास, "साकू तर तूच म्हणालास."

"ते त्या दिवसापुरतं होतं!"

"नियमात तसं कुठं होतं?"

परतीच्या गाडीत पुणे सुटल्यापासून मी तुझ्याशी एक शब्द बोललो नाही. खिडकीकडं तोंड करून बसलो. कुर्डुवाडीला तू खाली उतरलास, पिवळाजर्द, अंगावर शाल, आणि माझ्यासाठी चहा घेऊन आलास. कप माझ्या हातात देऊन म्हणालास, "वसंता, अकलूजच्या मास्तरांचं काय ठरलं मग? आज तू माझ्या बाजूनं बोललास." मी रागानं बघितलं तर तू हसत होतास. मला हसू आलं, आणि मग रडू आलं. डब्यातली माणसं बघत होती. तू माझ्या हातातला कप परत घेऊन डब्यात उभा होतास, गाडी हलली तरी.

तुझं बरोबर होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. कदाचित ते महिने मिळाले असते. कदाचित मिळाले होते तेही कळांत गेले असते. मिळाले त्यात तू झेपेल तोवर ओपीडी केलीस. उसाच्या रसवाल्याशी, रिक्षावाल्याशी, सगळ्यांशी नेहमीसारख्या गप्पा मारल्यास. खाजेनं हैराण व्हायचास तेव्हा मी येऊन तुझी पाठ खाजवायचो आणि तू म्हणायचास, एक्स-रेवाल्याला पहिल्यांदाच काहीतरी उपयोगी काम जमलंय.

काशीबाई आली होती, ती आठवण तुला राहिली का कोण जाणे. तू पार थकला होतास. कुठून तिला कळलं देव जाणे, नवऱ्याला घेऊन आली. बरोबर पिशवीत काही नव्हतं. म्हणाली, "खायला न्हाय आणलं. मला ठावं हाय." मग स्टूल ओढून तुझ्या खाटेशी बसली. गिरिजावहिनी म्हणाल्या, आजी, तुम्ही थकल्या असाल. "ह्ये माज्यापाशी बसलं हुतं," ती म्हणाली, "आता मी बसते." संध्याकाळची एस.टी. निघेपर्यंत ती बसली, तुझ्या पायावर हात ठेवून.

आणि अव्वा. मुलाच्या आजारपणात आई दुसरं काय करणार? वाटीभर अंबील घेऊन यायची. तू दोन चमचे घ्यायचास, म्हणायचास, "साकू, अव्वा." ती म्हणायची, "इन्नू स्वल्प." तिसरा चमचा, चौथा. मग तुला उलटी व्हायची, आणि ती वाटी घेऊन आत जाऊन बसायची. मी एकदा तिथं होतो. तू तिचं मनगट धरलंस आणि कानडीत हळू हळू तिला काहीतरी सांगितलंस. मला सगळं कळलं नाही. साकू कळलं, माझं नाव कळलं. बहुतेक आपल्या अंधाऱ्या खोलीची गोष्ट सांगितलीस. तिनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तू साकू म्हणालास, तेव्हा चमचा अर्ध्यावर होता. तो तिनं वाटीत परत ठेवला. अंधाऱ्या खोलीत तुझा खांदा थबकलेला मी बघितला होता, हे त्याहून जड होतं.

तर काल मैंदर्गी.

घरापुढं मांडव होता. जंगम आले होते, माणसं पुष्कळ होती. मला तिथं सगळं तुझ्याशिवाय बघायचं नव्हतं, म्हणून मी कडेच्या पंगतीत बसलो. गव्हाची खीर होती, हुग्गी, तुला आवडायची तशी, गुळाची. पोरं, सुना वाढत होत्या. अव्वा आतून आली. सगळे म्हणाले, तुम्ही बसा, पण तिनं ओगराळं घेतलंच. प्रत्येकापाशी वाकून वाढत ती माझ्यापर्यंत आली. वाटी भरली. मी खाल्ली, कशी ते विचारू नकोस. ती पुन्हा आली.

मी म्हणालो, "साकू, अव्वा."

सवयीनं म्हणालो, शिवा. इतक्या वर्षांत मला ठाऊकच होतं की याच्यापुढं तिचं हसणं आहे, मग इन्नू स्वल्प, मग पुन्हा एक साकू. मी वाटीवर हात आडवा धरलासुद्धा नव्हता.

ती थांबली. भरलेलं ओगराळं तिनं तसंच पातेल्यात परत ठेवलं. माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि पुढच्या माणसाकडं वळली.

मी तसाच बसून राहिलो. तू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी हॉस्पिटलात होतो, तो उभ्या जागीच ऐकला. तुला समाधी दिली तेव्हा मूठभर माती मी टाकली. पण तू गेलास हे मला काल, त्या पंगतीत कळलं. आईला तू हात आवरायला शिकवून गेलास, आणि आता या घरात कुणी कुणाला आग्रह करणार नाही, हे मला सोसवेना.

"अव्वा," मी हाक मारली. ती दोन माणसं पुढं गेली होती. वळली.

मी वाटी पुढं केली. मला येणारं उरलेलं सगळं कानडी एवढंच आहे. म्हणालो, "इन्नू स्वल्प."

ती परत आली. तोंडाला पदर लावून एका हातानं वाढायला लागली. वाटी भरली, सांडून ताटात आली, तरी ती वाढत होती, आणि मी साकू म्हणालो नाही.

तुझा,
वसंता